स्वखुशीने सोडलेली जागा

बारावीनंतर माझी दोन ठिकाणी निवड झाली. अमरावतीच्या विद्यापीठाखालच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीला. आम्ही राहायचो मूर्तिजापुरात, दोन्हींच्या मधोमध. स्टेशनवर एका बाजूला बडनेऱ्याकडे जाणारी गाडी लागायची, दुसऱ्या बाजूला अकोल्याकडे जाणारी. दोन्ही शिक्षणं सरकारी, दोन्हींची फी आमच्या घराला झेपेल अशी. मी अकोला निवडलं. निदान बरीच वर्षं मी तसंच सांगत होते.

अब्बांचं बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. गावोगावचे लोक विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी आणायचे आणि अब्बा त्यातली काळी पडलेली तार काढून नवी भरायचे. मी सहावी-सातवीत असल्यापासून शाळा सुटली की दुकानात जायची. कॉइलचे वेढे मोजणं हे माझं काम. एक वेढा चुकला तर मोटर आठ दिवसांत परत येते, असं अब्बा म्हणायचे, आणि माझे वेढे कधी चुकले नाहीत. वार्निशचा वास केसांना लागायचा. अम्मी त्यावरून ओरडायची. घरात आम्ही आमची वऱ्हाडातली हिंदी बोलायचो, पण कामाचं बोलणं अब्बा माझ्याशीही मराठीतच करायचे, कारण दुकानाची भाषा ती होती. पुढं कधी काही महत्त्वाचं सांगायचं असलं तरी ते मराठीतच सुरू व्हायचे.

मी अकरावीला गेले तोवर दुकानाचे दिवस बदलले होते. पूर्वी मोटर जळाली की माणूस धावत यायचा आणि संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. आता मोटरी येऊन पडत आणि न्यायला कुणी येत नसे. अब्बा कुणाला रस्त्यात भेटले आणि आठवण केली, तर तो म्हणे, "राहू द्या मिस्त्री. विहिरीत पाणीच नाई, नेऊन काय करू?" दुरुस्त केलेल्या मोटरी भिंतीशी रांगेनं उभ्या असत. अब्बा रोज त्यांच्यावरची धूळ पुसत.

आणि आमचे सर होते. ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांच्याबद्दल आज काहीही लिहिलं तरी एक गोष्ट मला लिहावीच लागेल, की त्यांच्याइतकं चांगलं गणित मला पुढं कुणीही शिकवलं नाही. फळ्यावर उत्तर निघालं की ते खडू ठेवून मागं सरकायचे आणि आम्हाला विचारायचे, "आता हे खरं आहे हे कशावरून?" वर्गात मुली सात, त्यातली मराठी शाळेतून आलेली मुसलमान मुलगी मी एकटी. सरांनी पहिल्याच महिन्यात मला पहिल्या बाकावर बसवलं. सीईटीच्या आधी दोन महिने त्यांनी मला घरी बोलावून शिकवलं आणि अब्बांकडून एक पैसा घेतला नाही. त्यांच्या घरी ओट्यावर सतरंजी टाकून मी आणि त्यांचा मुलगा समोरासमोर बसायचो. तोही माझ्याच वर्गात. मनमिळाऊ, आळशी, चित्रं चांगली काढणारा. गणित त्याला यायचं, पण घाईत सोडायचा. सर त्याच्यावर चिडायचे आणि माझी वही त्याच्यापुढं धरायचे. मला तेव्हा ते आवडायचं. त्याला काय वाटत असेल हे मी कधी मनात आणलं नाही.

अमरावतीची यादी लागली त्या शनिवारी मी आणि अब्बा बडनेऱ्याला उतरून ऑटोनं कॉलेजात गेलो. फलकापुढं ही गर्दी. इलेक्ट्रिकलच्या यादीत माझं नाव खालून तिसरं होतं. अब्बांना मराठी जेमतेम वाचता यायचं. मी बोट ठेवलं, त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतः अक्षरं जुळवून नाव वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेजारी प्रतीक्षा यादी लावली होती. त्यात पहिलं नाव सरांच्या मुलाचं होतं. मला वाईट वाटलं. मनात आलं, एकाच जागेनं राहिला बिचारा.

त्याच दिवशी आम्ही फी भरली, मूळ कागदपत्रं जमा केली. परतीच्या गाडीत अब्बा खिडकीशी बसून एकदम म्हणाले, "मोटर कावून जळते हे मले हातानं समजते बेटा. आकड्यानं नाई समजत. तू आकड्यानं शिकून घे. मंग मले सांग."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरांनी निरोप पाठवून बोलावलं. मला वाटलं, कौतुकासाठी. कौतुक त्यांनी केलंच. काकूंनी शिरा दिला. मग सर म्हणाले, "अकोल्याच्या यादीतही तुझं नाव येणार. उद्या-परवा लागेल. तू काय ठरवलं?"

मी म्हटलं, "अमरावतीच ना सर. फीसुद्धा भरली."

शिऱ्याची बशी खाली ठेवून ते मागं सरकले. त्यांची ती पद्धतच होती. मग शांतपणे, एखादं प्रमेय मांडावं तसं त्यांनी मांडलं. इलेक्ट्रिकलच्या मुलींना कारखान्यात घेत नाहीत. वऱ्हाडाची काय दशा झालीय हे तू बापाच्या दुकानात बसून पाहतेस. सरकारचं आता सगळं लक्ष इकडंच आहे, शेतकऱ्यांसाठी पॅकेज येऊन राहिलं, रोज पेपरात आहे. पुढची दहा वर्षं शेततळी, ठिबक, पाणलोट हेच चालणार. तालुक्या-तालुक्याला कृषी अभियंता लागणार आणि तो आणणार कुठून? "हुशार पोरं सगळी पुण्या-मुंबईची नोकरी धरतील. मग आपल्या भागासाठी कोण शिकणार? तुझ्यासारखीनंच पाठ फिरवली तर मी कुणाले सांगू?"

या शेवटच्या प्रश्नानं मी विरघळले. सतरा वर्षांची होते. आपल्या भागासाठी शिकायचं, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. सरांसारखा माणूस मला हे विचारतोय, याचाच मला केवढा मान वाटला!

निघताना ते म्हणाले, "प्रवेश रद्द करायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. नंतर दुसरी फेरी लागते. उशीर करू नको, नाहीतर कागदं अडकतील."

घरी मी सांगितलं तेव्हा अब्बा दुकानातून नुकते आले होते. ते आधी हसले. मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं. मग म्हणाले, "इलेक्ट्रिकल मिळालं अन् सोडून देते? अशी जागा कोणी सोडते का?"

मी सरांचं सगळं त्यांना ऐकवलं. तालुक्याला एक जागा, पॅकेज, आपला भाग. अब्बांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पेपरात हाय म्हणतात. पण जागा निघाल्या का? कोणी लागलं का अजून?"

मी म्हणाले, "अब्बा, तुम्हाले त्यातलं काय समजते? सर सांगून राहिले, म्हणजे विचार करूनच सांगत असतील ना!"

हे वाक्य मी बोलले. आवाजही चढला होता. अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. चौथी शिकलेला माझा बाप खाली मान घालून हाताला लागलेलं वार्निश रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसला. खूप वेळ पुसत बसला. मग म्हणाला, "ठीक हाय. सर शिकलेले हाईत."

अकोल्याची यादी मंगळवारी लागली. बुधवारी सकाळी मी अर्जाचा मजकूर विचारायला सरांकडे गेले, कारण असा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. त्यांनी सांगितला, मी लिहिला. 'मी माझ्या स्वखुशीने माझा प्रवेश रद्द करीत असून त्याबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' मी 'स्वखुशीने' लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले. त्यांनी ते दुरुस्त करून दिलं.

अमरावतीच्या खिडकीवर बसलेले बाबू वयस्कर होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"इलेक्ट्रिकल कावून सोडून राहिली बाई? घरच्यायनं सांगितलं का?"

"नाही. मीच सोडतेय."

त्यांनी माझ्यामागं उभ्या असलेल्या अब्बांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, बापच नको म्हणतोय. मुलीला घराजवळ ठेवायचं असेल, दुसरं काय. अब्बांच्या टोपीकडेही त्यांनी एकदा पाहिलं. "चाचा... भाऊ, पोरगी हुशार दिसते तुमची. एकदा विचार करा," ते म्हणाले. अब्बांनी फक्त मान हलवली. ज्या गोष्टीला त्यांचा विरोध होता, तिचा दोष त्यांनी त्या खिडकीपाशी मुकाट्यानं स्वतःवर घेतला. मला तेव्हा ते कळलंसुद्धा नाही. मला फक्त टीसी लवकर हातात हवी होती.

दहा दिवसांनी सर पेढे घेऊन दुकानावर आले. मुलाला अमरावतीला इलेक्ट्रिकल मिळालं. मी दुकानातच होते. मला मनापासून आनंद झाला. एक पेढा खाल्ला, दुसरा मागून घेतला. सरांबद्दल वेगळा काही विचार करता येतो, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. सरांनी अब्बांना पेढा दिला. अब्बांनी तो घेतला आणि हात खराब आहेत म्हणून कागदावर ठेवला.

अकोल्याच्या शिक्षणाला मी वाईट म्हणणार नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. शिकवणारे चांगले होते, वसतिगृह बरं होतं, मोठमोठी शेतं चहूकडं. माती आणि पाण्याचे विषय मला आवडायलाही लागले. पंपाचं प्रात्यक्षिक असलं की मुलं माझ्याभोवती जमायची, कारण मोटर उघडून आतलं सांगणारी मी एकटी. फक्त पंपाचं ते एकच सत्र होतं. ते संपलं त्या दिवशी मी खोलीवर येऊन रडले, आणि खोलीतल्या मुलीला सांगितलं की डोकं दुखतंय.

तिसऱ्या वर्षी आम्हाला बार्शीटाकळीकडच्या एका गावात शेततळ्याच्या मोजणीसाठी नेलं. आम्ही लेव्हलचं यंत्र तिपाईवर बसवत होतो, तेवढ्यात गावातली आठ-दहा माणसं जमली. आम्ही काही विचारायच्या आतच एकानं सुरुवात केली. घरात माणसं किती, जमीन किती, कापूस किती झाला, बियाणं कोणतं होतं, कर्ता माणूस आहे की गेला. एकामागून एक, न थांबता, शाळेत कविता म्हणावी तसं. त्या वर्षांत त्या गावात इतक्या लोकांनी येऊन इतक्या वेळा विचारलं होतं की त्यांना प्रश्नांची गरजच उरली नव्हती. मी म्हटलं, "काका, आम्ही पाहणीवाले नाही. आम्ही फक्त उतार मोजतोय." तो ओशाळला. त्याच्या मागं एक म्हातारी उभी होती. तिनं विचारलं, "मोजून काय करसान मंग?"

"तळं कुठं बसेल ते समजते, आजी."

"अन् तळं कोण खांदन?"

याचं उत्तर आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. आमच्या सरांच्या प्रमेयातही नव्हतं. एका बाईनं पदर सारखा करून विचारलं, "फोटो इथंच काढता का घरापाशी?" आम्ही फोटो काढणार नाही म्हटल्यावर माणसं हळूहळू पांगली.

शेवटच्या वर्षी एका परीक्षेसाठी मला अमरावतीला जावं लागलं. परतताना बडनेऱ्याहून दुपारची पॅसेंजर धरली आणि डब्यात सरांचा मुलगा भेटला. चार वर्षांत आम्ही फारसे भेटलो नव्हतो. त्याची दिशा एक, माझी दुसरी. तो शेंगा खात होता, मलाही दिल्या. त्याला कॉलेजातूनच पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. मी अभिनंदन केलं. तो मोकळेपणानं म्हणाला, "तुझेच उपकार म्हण. तू नसती सोडली तं मी कुठं असतो कोण जाणे."

मी हसले. म्हटलं, "नशीब रे तुझं."

"नशीब कायचं? मले खाजगीत मेकॅनिकल मिळून राहिलं होतं. मी तं घेतच होतो. बाबांनी घेऊच नाई दिलं. म्हणले, आठ दिवस थांब, ती सोडते."

मी विचारलं, "हे कधी म्हणाले?"

"यादी लागली ना, त्याच दिवशी. संध्याकाळी."

शनिवारी संध्याकाळी. मी त्या वेळी गाडीत अब्बांशेजारी बसलेली होते, आणि सोडायचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. शेंगा सोलायचा हात थांबला. "म्हणजे... तू बाबांना आधीच सांगून ठेवलं होतं ना? तुले अकोलाच पायजे म्हणून?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. चार वर्षं तो माझे उपकार मानत होता आणि ते खरे उपकार आहेत असं समजत होता. मी म्हणाले, "हो. सांगितलं होतं."

का म्हणाले, ते आजही मला धड सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर पुढच्या अर्ध्या तासात त्या डब्यात जे झालं असतं, ते पाहायची माझी तयारी नव्हती एवढंच. मूर्तिजापूर येईपर्यंत तो पुण्याबद्दल बोलत राहिला. मी हो-हो म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मला पाहून आनंदले, काकूंना चहा ठेवायला सांगितलं. मी बसलेसुद्धा नाही.

"सर, मी जागा सोडणार हे तुम्हाला शनिवारीच कसं माहीत होतं?"

त्यांनी पेपराची घडी केली. ती मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्यानं सांगितलं?"

"त्याला काही माहीत नाही. त्यानं गमतीत सांगितलं."

"मी तुले एक तरी वाक्य खोटं सांगितलं का?" ते म्हणाले. "पॅकेज येणार होतं. आलं. जागा निघतील असं सगळेच म्हणत होते. माझा अंदाज होता. अंदाज चुकतात."

"यादीत त्याचं नाव पहिलं होतं सर. ते तुम्ही मला सांगितलं नाही."

"ते तुले दिसत होतं."

हे खरं होतं. मी तो फलक स्वतः वाचला होता. सरांशी वाद घालताना नेहमी व्हायचं तसंच झालं. त्यांची प्रत्येक पायरी बरोबर होती आणि उत्तर चूक होतं, आणि चूक कुठं आहे हे मला दाखवता येत नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे न पाहता, बाहेर रस्त्याकडे पाहत सांगितलं, "तू कुठंही उभी राहिली असती. तो नसता राहिला. मी दोघांनाही दोन वर्षं शिकवलं, मले समजत नव्हतं का? बाप म्हणून दुसरं काय करायचं होतं मी?"

मी म्हटलं, "मलाही बाप होता सर."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी काय ऐकलं, किती ऐकलं, ते कळायला मार्ग नाही. "घे ना, बस ना," म्हणाल्या. आणि मी बसले, तो चहा प्याले. कप विसळून ठेवला, त्या घरातल्या माझ्या सवयीप्रमाणे. त्या चहाचा मला आजही राग येतो. सरांचा येतो त्याहून जास्त.

तिथून मी दुकानात गेले. अब्बा एकटेच होते, मोटरचा एक जुना स्टेटर समोर घेऊन. मी सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं नाही. मी संपवल्यावर म्हणाले, "मले पेढ्याच्या दिवशीच समजलं होतं."

"मग बोलले कावून नाही?"

"काय बोलू? तू पेढा खुशीनं खाल्ला. दुसरा मागितला." स्टेटरमधली तार ओढत म्हणाले, "मुदत निघून गेली होती बेटा. मी बोललो असतो तं जागा वापस येत होती का? तुझे सर गेले असते, बस."

म्हणजे चार वर्षं त्यांनी माझ्यासाठी माझे सर सांभाळून ठेवले होते. त्या चार वर्षांत सरांच्या घरचा पंखा, मिक्सर, विहिरीवरची मोटर, जे बिघडलं ते अब्बांनी दुरुस्त करून दिलं होतं. त्यांच्या दारात उभं राहून 'सलाम सर' म्हटलं होतं. मी माफी मागितली. त्या दिवशी मी जे बोलले होते, 'तुम्हाले त्यातलं काय समजते', त्याची. ते म्हणाले, "आठवत नाई." त्यांना आठवत होतं. अब्बांची स्मरणशक्ती अशी की दहा वर्षांपूर्वीच्या मोटरचे वेढे सांगायचे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. तालुक्या-तालुक्याच्या जागा निघाल्या नाहीत. एकदा जाहिरात आली, आम्ही सगळ्यांनी परीक्षा दिली, निकाल लांबत लांबत विसरला गेला. मी पाणलोटाच्या कामावर अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राहिले. शेततळी मोजली. काही खोदली गेली, काहींत पाणीही आलं, हे मी नाकारत नाही. मग ती योजना संपली. सध्या अकोल्यातल्या एका खाजगी आयटीआयमध्ये तासिकेवर शिकवते. काय शिकवते? मोटर रिवाइंडिंग. अमरावतीनं जे शिकवलं नाही आणि अकोल्यानंही नाही, जे मी गल्लीतल्या दुकानात सातवीत शिकले, त्यावर माझं पोट चालतं. पदवीची प्रत मात्र दर वर्षी अर्जाला जोडावी लागते.

सरांचा मुलगा पुण्यात स्थिरावला. त्याचा मला राग नाही. तो कधीतरी फोन करतो आणि मी नीट बोलते.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं समारंभ ठेवला आणि मला बोलायला बोलावलं. 'सरांची विद्यार्थिनी, अभियंता' असं पत्रिकेत छापलं होतं. मी जाणार नव्हते. अब्बांचं दुकान तोवर बंद झालं होतं, हात थरथरायचे. त्यांनी पत्रिका बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, "जाऊन ये. त्यायनं शिकवलं तं हाय."

मी गेले. माईकपुढं उभी राहून सांगितलं की सरांनी मला पहिल्या बाकावर बसवलं, घरी बोलावून शिकवलं, एक पैसा घेतला नाही. ते खडू ठेवून कसे मागं सरकत आणि काय विचारत, तेही सांगितलं. सगळं खरं होतं. टाळ्या पडल्या. मुलाला रजा मिळाली नव्हती. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या.

खाली उतरले तेव्हा सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. खूप थकले होते. हळूच म्हणाले, "मनात नाही ना ठेवलं काही?"

"ठेवलंय सर," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू उत्तर बरोबर आलं. हात लगेच सोडला नाही. मागं हार घेतलेल्या लोकांची रांग खोळंबली होती. मग त्यांनी विचारलं, "अकोल्याले आता कोणती गाडी आहे तुले?" मी सांगितलं, पाच वाजताची. "मग निघ," ते म्हणाले, "उशीर करू नको." आणि पुढच्या माणसाचा हार घ्यायला त्यांनी मान खाली केली.

गाडी उशिराच होती. मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. समारंभात दिलेला नारळ आणि पुष्पगुच्छ मांडीवर होते. समोरून बडनेऱ्याकडे जाणारी पॅसेंजर आली, थांबली, भरली आणि गेली.